तुळशीचं पाणी पितो, पवईचं का नाही?

डोंगरपायथा — रविवार, सकाळी ७:५२

आमच्या ओट्यावर दोन दिवस झाले, लीटरच्या दोन बाटल्या उभ्या आहेत. "हे कधी फेकणार?" अशी विचारणा आतापर्यंत तीनदा झाली. फेकायच्या आधी इथे लिहून टाकतो.

मी बोरिवलीला राहतो. निवृत्त माणूस, रोज सकाळी राष्ट्रीय उद्यानात चालायला जातो. शुक्रवारी दुपारी पावसाने झोडपलं आणि थांबला, तेव्हा छत्री घेऊन बाहेर पडलो. एक बाटली उद्यानाच्या आत दहिसर नदीवर भरली. दुसरी बाहेर येऊन, एके ठिकाणी टेकडी कापून इमारतीचं काम चालू आहे, तिथून रस्त्यावर उतरणाऱ्या ओहोळातून. दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर, पाऊस तोच.

शनिवारी सकाळी पाहतो तर पहिलीच्या तळाशी नखाएवढा थर, वरचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं पण आरपार दिसणारं. दुसरीत दोन बोटं गाळ, आणि वरचं पाणी अजूनही विटकरी दुधासारखं. आज रविवार. ते तसंच आहे.

तेव्हापासून डोक्यात तलाव घोळतायत. तुळशी तलाव १८७९चा, पूर्ण जंगलात. पवई १८९०च्या आसपासचा, शहरात. दोघांची पाणलोट क्षेत्रं, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी तलावात उतरतं ती जमीन, जवळजवळ सारखी: तुळशीचं पावणेसात चौरस किलोमीटर, पवईचं साडेसहाच्या थोडं वर. डोंगररांग एक, दगड एक, पाऊस एक. मधे फक्त विहार तलाव. तुळशीतून रोज १ कोटी ८० लाख लीटर पाणी शुद्ध करून आपण पितो. पवईतली जलपर्णी काढायला दरवर्षी कंत्राट निघतं, आणि ते पाणी तोंडात घ्यायची कुणाची छाती नाही.

मी एक बाळबोध हिशोब केला. तुळशीचे १.८ कोटी आणि विहारचे ९ कोटी लीटर उद्या बंद झाले आणि १० हजार लीटरच्या टँकरने आणायचे म्हटले, तर दिवसाला १०,८०० टँकर लागतील. टँकरला २ हजार धरा. रोजचे २ कोटी १६ लाख होतात. आता सांगा, या जंगलाला आपण वर्षाला काय देतो? पाणीपट्टीच्या बिलात "जंगल" असा रकाना मी तरी पाहिलेला नाही.

जाणकारांनी हिशोब तपासावा.

शेंगदाणे_फुटाणे — रविवार, सकाळी ८:२०

बाटल्यांचा फोटो हवाच. बाकी वाखुसा (वाचनखूण साठवली).

गिरगावची_वर्षा — रविवार, सकाळी ९:०५

छान लिहिलंय काका. आमच्या शाळेत "मुंबईला पाणी कुठून येतं" या प्रश्नाला अर्धा वर्ग "नळातून" असं लिहायचा. विहार हा मुंबईचा पहिला नळपाणीपुरवठा, काम १८५६ला सुरू होऊन १८६०ला संपलं, हे मला चाळिशीत कळलं.

अवांतर: याच डोंगरात कान्हेरी आहे. लेण्यांच्या बाहेर दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, तिथल्या शिलालेखांत त्यांना "पोढी" म्हटलंय. कातळावरचं पाणी चर खोदून टाक्यात आणलेलं. दोन हजार वर्षांपूर्वीचे भिक्खू या डोंगराचं पाणी मोजूनमापून वापरत होते.

तुरटीवाला — रविवार, सकाळी १०:४१

मी एका लहान नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट होतो, २७ वर्षं. मुंबईतलं नाही, त्यामुळे तुमच्या तलावांबद्दल बोलणार नाही. पण त्या दुसऱ्या बाटलीबद्दल बोलायचा मला हक्क आहे, कारण माझी सगळी नोकरी त्या बाटलीशी भांडण्यात गेली.

दोन बोटं गाळ बसला ना, तो सोपा. वाळू आणि जाडी माती आपोआप खाली बसते. त्रास वरच्या विटकरी दुधाचा. ती चिकणमाती. तिच्या कणांवर सारखाच विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलत राहतात आणि आठवडाभर तरंगतात. त्यांना एकत्र आणायला तुरटी लागते किंवा पीएसी (पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड). किती, हे रोज ठरवावं लागतं. सहा काचपात्रं ओळीने ठेवायची, प्रत्येकात वेगळी मात्रा, ढवळायचं आणि बघायचं कुठे फुलं धरतात. याला जार टेस्ट म्हणतात. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा केली तरी चालायची. आषाढात दर दोन तासांनी.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजायचं एकक) हवा, दुसरा स्रोतच नसेल तर ५पर्यंत चालवून घेतात. आमच्याकडे नदीचं कच्चं पाणी पावसाळ्यात काही हजारांवर जायचं. मग तुरटीच्या गोण्या संपायच्या. चोवीस तासांनी धुवायचे ते फिल्टर सहा तासांत तुंबायचे. फिल्टर धुवायला शुद्ध केलेलंच पाणी लागतं, म्हणजे जितकं गढूळ येईल तितकं कमी पाणी गावाला. आणि ही सगळी घाण, म्हणजे तुरटीचा चिखल, कुठे टाकायचा हा प्रश्न वेगळाच. एका श्रावणात आमच्या एका टाकीतला चिखल उपसायला चार माणसं आठ दिवस राबत होती. त्यांचा पगार पाणीपट्टीत कुठे दाखवणार?

दुसरी गोष्ट लोक विसरतात. मातीच्या कणाआड जंतू लपतात. क्लोरिन तिथवर पोचत नाही. गढूळ पाण्यात क्लोरिन वाढवून टाकलं की सुटलो असं नाही, पाण्यात सेंद्रिय कचरा असेल तर त्याच्याशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी नको ती संयुगं तयार होतात. स्वच्छ कच्चं पाणी म्हणजे निम्मं काम झालेलं पाणी.

त्यामुळे तुमच्या जंगलाचा हिशोब मी असा करीन: तुरटीच्या न लागलेल्या गोण्या. टँकर नव्हे.

कागदीघोडा — रविवार, दुपारी १२:१५

तुरटीवाला यांच्याशी १०० टक्के सहमत, आणि धागाकर्त्यांच्या हिशोबाशी असहमत. राग मानू नये.

१. तुळशी-विहार बंद पडले तर महापालिका टँकर लावणार नाही, दुसऱ्या धरणाचं पाणी वळवेल. पर्यायाची किंमत धरताना स्वस्तातला शक्य पर्याय धरायचा असतो, महागातला नाही.

२. ते पाणी एकट्या जंगलाने दिलेलं नाही. बांध, नळ, शुद्धीकरण केंद्र, त्यावरची माणसं, सगळ्यांचा वाटा आहे. जंगलाचा वाटा म्हणजे "जंगल असताना" आणि "जंगल नसताना" यांतला फरक.

३. मुंबईला रोज ३९०-४०० कोटी लीटर पुरवलं जातं. तुमचे दोन तलाव मिळून त्यातले तीन टक्केही देत नाहीत.

४. सगळ्यात महत्त्वाचं. पवईचं पाणी पिण्याला नालायक आहे हे टॉवर उभे राहायच्या कितीतरी आधी कळलं होतं. इंग्रजांच्या काळातच त्यावर फुली बसली. तलाव उथळ, भोवती गुरं आणि शेती. तेव्हा "शहराने पवई मारला" ही गोष्ट ऐकायला बरी आहे, पण अर्धवट आहे.

डोंगरपायथा — रविवार, दुपारी १:३०

चौथा मुद्दा मला माहीत नव्हता असं नाही, पण लिहिताना सोयीस्करपणे गाळला. कबूल. तरी एक विचारतो: गुरं आणि शेती यांनीच पाणी बिघडलं असेल, तर पाणलोट राखायला हवा हेच सिद्ध होतं ना? विहार-तुळशीच्या भोवतालची जमीन राखली, पवईच्या भोवतालची नाही राखली. टॉवर नंतर आले एवढंच.

टँकरचा हिशोब मागे घेतो. (घरी सांगितलं नाही अजून. काल मोठ्या ऐटीत ऐकवला होता.)

मातीचे_पाय — रविवार, दुपारी ३:०२

मी मृद्‌शास्त्रात काम करते. "जंगल माती धरून ठेवतं" हे वाक्य सगळे म्हणतात, पण कसं धरतं ते सांगायला हवं, कारण त्यातच सगळी गंमत आहे.

पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर तो छोटा सुरुंगच. ढेकूळ फुटतं, बारीक कण उडतात, आणि तेच कण मातीची छिद्रं बुजवतात. वर साय धरावी तसा थर तयार होतो. मग पाणी मुरत नाही, वाहतं, आणि वाहणारं पाणी माती उचलतं. म्हणजे धूप वाहण्याने सुरू होत नाही, आपटण्याने होते.

लोकांना वाटतं झाडाचं छत्र थेंब अडवतं. अडवतं, पण पानावर पाणी साचून पडणारा थेंब आभाळातल्यापेक्षा मोठा असतो, आणि झाड उंच असेल तर त्याला पुन्हा वेग मिळतो. सागाचं पान आठवा, सुपाएवढं. सागाखालची जमीन जाळून साफ केलेली असेल तर तिथे उघड्या माळापेक्षाही जास्त माती उडू शकते. खरं काम करतो तो पाचोळा. पाचोळा, त्याखालची कुजलेली काळी माती, गवत, झुडपं, गांडुळांची भोकं, मुळांच्या वाटा. थेंब पाचोळ्यावर मरतो. पाणी हळू आत शिरतं.

धुपेचं गणित करताना जमिनीवरच्या आच्छादनाला एक गुणांक देतात. उघड्या नांगरलेल्या जमिनीला १ धरला, तर पाचोळ्यासकट दाट जंगलाला त्याच्या शंभराव्या ते हजाराव्या हिश्शापर्यंत खाली जातो. उतार तोच, माती तीच, पाऊस तोच. दुसरा कुठलाच घटक माणसाला इतका बदलता येत नाही.

म्हणून उद्यानात मार्च-एप्रिलमध्ये वणवा लागला की मला झाडांपेक्षा पाचोळ्याची जास्त काळजी वाटते. झाडं हिरवी दिसतात, फोटो चांगला येतो, आणि जूनमध्ये खाली माती उघडी असते.

एक थंड पाण्याचा हबकाही मारून ठेवते. जंगल पाणी "निर्माण" करत नाही. झाडं पाणी पितात आणि हवेत सोडतात. उघड्या डोंगरावरून एकूण पाणी बहुतेक वेळा जास्तच वाहून येतं. ते एकदम येतं, माती घेऊन येतं आणि जानेवारीत नसतं. जंगलाचं देणं स्वच्छतेचं आहे, संथपणाचं आहे. लीटर मोजत बसलात तर जंगल हरेल.

शेंगदाणे_फुटाणे — रविवार, दुपारी ३:१०

"थेंब पाचोळ्यावर मरतो." ताई, हे एक वाक्य चोरून नेतोय.

नांगरट — रविवार, सायंकाळी ६:४४

पारनेर तालुका. वर ताईंनी जी माती उडवली ती आमची आहे, तेवढं लक्षात असू द्या.

आमच्या पाझर तलावात दरसाल गाळ येतो. सरकारनं "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" काढली तेव्हा आम्ही बी गाळ उपसला. जेसीबी, ट्रॅक्टर, दिवसरात्र खेपा. माझ्या मुरमाड अडीच एकरावर ४० ट्रॉल्या टाकल्या, पहिल्या साली ज्वारी अशी आली की वडील बांधावर उभं राहून नुस्ते बघत व्हते. गाळ म्हंजे सोनंच. पर सोनं कुणाचं? वरच्या माळावरून वाहून आलेलं आमचंच. आधी फुकट वाहू दिलं, मग डिझेल जाळून उचलून आणलं. ह्याला कमाई म्हणायचं का?

आमच्याजवळ हिवरे बाजार हाये. तिथं लोकांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली, डोंगरावर सलग समतल चर खोदले. गवत विळ्यानं कापून न्यायचं, गुरं सोडायची न्हाई. बघायला माणसं येत्यात, फोटो काढत्यात. खरं अवघड काम चर खोदायचं न्हाई. शेजाऱ्याच्या शेळीला "न्हाई" म्हणायचं, ते अवघड. शेळी भूमिहीनाची असती, डोंगर गावाचा असतो.

सुभेदार_निवृत्त — रविवार, रात्री ८:२६

नांगरट भाऊ, शेळीवरून आठवलं. माझी नोकरी काही वर्षं चंदीगडजवळ चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत होती. चंदीगडचा सुखना तलाव १९५८चा. शहर देखणं, तलाव देखणा, पण शिवालिकच्या टेकड्या ठिसूळ मातीच्या. सत्तरच्या दशकापर्यंत तलावाचा निम्म्याहून जास्त भाग गाळाने भरला होता. उपसून थकले. तेव्हा पी. आर. मिश्रा नावाच्या मृद्‌संधारण शास्त्रज्ञाने गाळ येतो कुठून ते शोधलं. सुखोमाजरी नावाचं गाव, उघड्या टेकड्या, आणि त्यावर शेळ्या.

गावकऱ्यांना नुसतं "चारू नका" सांगून कोण ऐकणार? मिश्रांनी गावासाठी छोटे मातीचे बांध घातले आणि त्याच्या पाण्यात गावातल्या घरांना वाटा दिला. पाणी मिळालं की शेत पिकतं, शेत पिकलं की लोक शेळी विकून म्हैस घेतात, म्हैस दावणीला राहते. टेकडीला कुंपण घालावं लागलं नाही, लोकच राखू लागले. गवत आलं, तलावातला गाळ घटला. तलाव वाचला शहराचा, पण त्याची किल्ली गावाकडे होती.

आटगाव_लोकल — रविवार, रात्री ९:५०

सगळं वाचलं. शहापूर तालुक्यातून लिहितोय. जरा आमच्याकडे पण बघा.

तानसा आमच्याकडे, भातसा आमच्याकडे, मोडकसागर पलीकडे. तानसा १८९२चा, म्हणजे माझ्या पणजोबांच्या आधीपासून हे पाणी मुंबईला जातंय. भातसाच्या जोरावर मुंबईची अर्धी तहान भागते. तानसाच्या भोवती अभयारण्य आहे, ते १९७०पासून. तुम्ही ज्याला "राखलेला पाणलोट" म्हणता त्यात आम्ही राहतो. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी. झाड तोडू नका, रस्ता रुंद करू नका, विजेचा खांब रोवायचा तर परवानगी काढा. आणि एप्रिल लागला की आमच्या पाड्यांवर टँकर.

"धरण उशाला, कोरड घशाला" ही म्हण तुम्ही पुस्तकात वाचली असेल. आमच्याकडे ती बायकांच्या डोक्यावर असते. दोन हंडे एकावर एक आणि कळशी काखेत. आमच्या गावाच्या बाजूनेच ती मोठी जलवाहिनी जाते. माणसाच्या उंचीची. कान लावला तर पाणी वाजतं.

काकांचा प्रश्न चांगला आहे, पण अर्धा आहे. जंगलाची किंमत किती, हे विचारलंत. ती कुणी मोजली, हे पण विचारा.

गिरगावची_वर्षा — रविवार, रात्री १०:०२

यावर काय बोलावं कळत नाही. सॉरी.

आटगाव_लोकल — रविवार, रात्री १०:१५

ताई सॉरी नको. तुम्ही नळ बंद केलात तरी ते पाणी आमच्याकडे येणार नाहीये.

हडसनकाठ — सोमवार, पहाटे ५:३०

न्यूयॉर्कहून. इथलं उदाहरण जगभर दिलं जातं, त्यामुळे नेमकं काय आहे ते लिहितो.

या शहराचं सुमारे ९० टक्के पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येतं, दीड-दोनशे किलोमीटरवरून, आणि त्यातलं बहुतांश न गाळता. निर्जंतुक करतात, पण त्या पाण्यासाठी गाळणी केंद्र नाही. १९८९मध्ये अमेरिकेत नियम आला की भूपृष्ठावरचं पाणी गाळलंच पाहिजे, किंवा पाणलोट राखतो हे सिद्ध करा. गाळणी केंद्राचा अंदाज ६ ते ८ अब्ज डॉलरचा निघाला. पाणलोट राखायचा खर्च साधारण दीड अब्ज. मग १९९७मध्ये शहर, राज्य आणि डोंगरातली गावं यांच्यात करार झाला. शहराने जमिनी विकत घेतल्या, पण विकू इच्छिणाऱ्याकडूनच. गावांची सांडपाण्याची व्यवस्था सुधारून दिली. दुभत्या गुरांच्या गोठ्यातली घाण ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना कुंपणं, पूल, शेणाचे हौद बांधून दिले.

आटगाव_लोकल यांच्यासाठी खास: शहराच्या मालकीच्या त्या डोंगरातल्या जमिनींवर शहर तिथल्या गावांना मालमत्ता कर भरतं. दरवर्षी.

आता दुसरी बाजू. ही तडजोड गोडीगुलाबीने झालेली नाही. जुने जलाशय बांधताना शहराने तिथली गावं उठवली होती, थडगीसुद्धा हलवली, आणि तो राग तीन पिढ्या टिकला. शिवाय जंगल असूनही तिथल्या ओढ्यांच्या काठात हिमयुगातली चिकणमाती आहे. मोठं वादळ झालं की अशोकन जलाशय विटकरी होतो, तेव्हा त्यांनाही तुरटी टाकावी लागते. तुरटीवाला यांना बरं वाटेल.

तुरटीवाला — सोमवार, सकाळी ७:१२

वाटलं. खोटं कशाला बोलू.

कागदीघोडा — सोमवार, सकाळी १०:३८

आपल्याकडे दर नाही असं समजू नका. आहे. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये आदेश दिल्यापासून वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे त्या जंगलापासून पुढे मिळणाऱ्या लाभांची आजची किंमत, भरावं लागतं. २००८मध्ये जंगलाच्या प्रतीप्रमाणे हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख ठरलं. २०२२मध्ये ते साधारण दीडपट झालं, म्हणजे वरचा दर १६ लाखांच्या जवळ. अभयारण्यात पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट.

धागाकर्त्यांच्या लाडक्या तुळशीचा पाणलोट ६७६ हेक्टर धरू. अगदी वरचा दर आणि दहापट घेतली तरी हेक्टरी १.६ कोटी, एकूण हजार-अकराशे कोटी. ऐकायला मोठा आकडा. आता एका हेक्टरमध्ये १,०७,६०० चौरस फूट असतात. भागाकार करा. चौरस फुटाला दीडशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. बोरिवलीत एवढ्यात फरशी येईल, लावायची मजुरी वेगळी.

(न्यायाने सांगायचं तर हा जमिनीचा भाव नव्हे, वर पर्यायी वनीकरणाचाही खर्च द्यावा लागतो, आणि राष्ट्रीय उद्यानाला हात लावायचा तर न्यायालयापर्यंत जावं लागतं. तरीही.)

२०१५मध्ये देशातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांचं असं मूल्यांकन झालं होतं, कॉर्बेट, कान्हा, पेरियार वगैरे. एकेकाचा वर्षाचा लाभ ८०० कोटींच्या वर ते १,७०० कोटींच्या वर निघाला. त्यात पाणीपुरवठा होता, माती धरून ठेवणं होतं, कार्बन होता. अहवाल चांगला होता. पण असा पैसा कुणाच्या खात्यातून कुणाच्या खात्यात जात नाही. तो न झालेला खर्च आहे. न झालेल्या खर्चाची पावती फाडता येत नाही, हीच यातली मेख.

डोंगरपायथा — सोमवार, सकाळी ११:२०

दीडशे रुपये चौरस फूट! काल रात्री मुलाने फ्लॅटसाठी कर्जाचा हप्ता सांगितला, तो आकडा अजून छातीवर आहे. हे वाचून हसावं की रडावं.

आटगाव_लोकल, तुमचं बरोबर आहे. खुद्द आमच्या उद्यानाचीही तीच कथा. १९९७मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवायला सांगितली, हजारो झोपड्या गेल्या. पात्र ठरलेल्यांना घरं दिली ती चांदिवलीला. नकाशा उघडून पाहा, चांदिवली पवई तलावाच्या अंगाला आहे. उद्यान मोकळं केलं आणि माणसं तलावाच्या शेजारी नेऊन ठेवली. आतल्या आदिवासी पाड्यांचा प्रश्न तर अजून चालूच आहे, आणि ते लोक उद्यानाच्या आधीपासूनचे.

वटवट_सावित्री — सोमवार, दुपारी २:४७

मला या "किंमत काढा" प्रकाराचीच भीती वाटते. आज तुम्ही म्हणाल हे जंगल हजार कोटींचं. उद्या कुणीतरी दोन हजार कोटी घेऊन येईल. मग काय, विकणार? आमच्या गावी सिंधुदुर्गात देवराई आहे. आत बारमाही झरा, खालच्या दोन वाड्या त्यावर जगतात. तिची किंमत कुणी काढली नाही म्हणून ती राहिली. शेजारच्या खाजगी जंगलाची मात्र व्यापाऱ्याने किंमत काढली, ट्रकच्या हिशोबाने. आता तिथला व्हाळ (ओढा) जूनमध्ये लाल आणि डिसेंबरमध्ये कोरडा.

मातीचे_पाय — सोमवार, दुपारी ३:३०

सावित्रीताई, व्यापाऱ्याने लाकडाची किंमत काढली. झऱ्याची कुणी काढली नाही, म्हणून तो शून्य रुपयांना गेला. भीती बरोबर आहे तुमची, पण किंमत न काढणं म्हणजे अमूल्य ठरवणं असं बाजारात होत नाही. देवराईत देवाचा धाक होता. तो जिथे उरलाय तिथे मी आकडे घेऊन जाणार नाही.

वटवट_सावित्री — सोमवार, दुपारी ३:४१

हे पटलं. अर्धं.

तुरटीवाला — सोमवार, सायंकाळी ५:१५

डोंगरपायथा साहेब, तुमच्या बाटल्यांवर एक तांत्रिक आक्षेप. एका वेळेची एक बाटली म्हणजे काहीच नाही. पूर चढताना जास्त गाळ असतो, उतरताना कमी. तुम्ही जंगलातली बाटली उतरत्या पाण्यात भरली असेल आणि दुसरी चढत्या, तर तुलना गेली. पुढच्या मोठ्या पावसात दोन्ही ठिकाणी दर तासाला एक भरा, पाऊस थांबल्यावरही चार तास. शेवटची दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रवाहाच्या मधोमध, वरची पानं-काटक्या टाळून. पाण्यात उतरू मात्र नका, काठीला बांधून बुडवा.

डोंगरपायथा — शुक्रवार, रात्री ९:१०

धागा वर काढतोय. बुधवारी पाऊस झाला. नातवाला बाहेरच्या ओहोळावर उभं केलं, मी आत. मिळून १४ बाटल्या.

जे झालं ते सांगतो. पहिल्या दोन तासांत जंगलातलं पाणीही गढूळ आलं. चांगलंच. मी मनातून खट्टू झालो, खोटं नाही बोलत. पहिल्या दिवशीचा "चहा" नव्हता तो, चक्क माती होती. एका पायवाटेच्या कडेने लाल धार येत होती आणि ती वाट आमचीच, रोज चालणाऱ्यांची. पावलांनी पाचोळा उरलेलाच नाही तिथे.

तिसऱ्या तासापासून आतलं पाणी निवळायला लागलं. गुरुवारी सकाळच्या बाटलीतून वर्तमानपत्राची अक्षरं वाचता आली. बाहेरचा ओहोळ गुरुवारी सकाळी जवळजवळ आटलाच होता. जे थोडं होतं ते तसंच विटकरी.

बाटल्या ओट्यावरून गॅलरीत हलवल्या आहेत. तसा निकाल लागला.

मातीचे_पाय — शुक्रवार, रात्री ९:३४

ती पायवाटेची धार फार मोलाची नोंद आहे. आणि "बाहेरचा आटला, आतला वाहत होता" हीसुद्धा. गढूळपणापेक्षा मला तीच जास्त आवडली.

आटगाव_लोकल — शुक्रवार, रात्री १०:२०

काका, तानसाच्या बाजूच्या बाटल्या मी भरतो. आमच्या पाड्याच्या वरचा एक ओढा पूर्ण जंगलातून येतो, एक नव्या रस्त्याच्या कापलेल्या कडेवरून. दोन्ही घरापासून दहा मिनिटांवर. मेमध्ये विहिरीच्या तळाची एक भरून ठेवीन, ती पण तुमच्या गॅलरीत ठेवा. बाटली आधी साबणाने धुवायची का?

तुरटीवाला — शुक्रवार, रात्री १०:३१

साबण नको. ज्या पाण्याची भरायची त्याच पाण्याने तीनदा खंगाळायची. आणि झाकणावर वेळ लिहा, बाटलीवरची पुसली जाते.